द्वारका सिस्टर आणि अपेक्षा नसलेला डॉक्टर

संगणकाचा पडदा लाल झाला तेव्हा द्वारका सिस्टर त्याच्यासमोर उभ्या होत्या, उज्ज्वला खुर्चीत बसली होती आणि मी फरशी पुसत होते. लाल पडद्यावर इंग्रजी मजकूर होता. कोपऱ्यात एक घड्याळ होतं आणि ते उलटं चाललं होतं. सिस्टरांनी आधी आपल्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पेनानं तळहातावर लिहिलं, अकरा वाजून सात मिनिटं. बाळ जन्मलं की त्या असंच लिहीत. बाळ गेलं तरी असंच.

मग चष्मा पुसून त्यांनी ते पत्र वाचलं आणि आम्हाला मराठीत सांगितलं. "तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे. तीन दिवसांत आम्ही सांगू ते पैसे द्या. नाही दिले तर किल्ली फेकून देऊ आणि तुमच्या फायलींत जे आहे ते सगळ्या जगाला दाखवू."

एवढं सांगून म्हणाल्या, "दोन स्पेलिंगं चुकलीत."

उज्ज्वलानं विचारलं, "सगळं म्हणजे? खरंसुद्धा?"

सिस्टरांनी चष्मा परत पुसला.

"माझं खरं पण हाय त्यात?"

"आहे."

उज्ज्वला उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि त्याच खुर्चीत बसली. गुरुवार होता. रविवारी आमचा वधू-वर मेळावा होता.

हे खरं म्हणजे काय, ते आधी सांगायला पाहिजे.

द्वारका सिस्टर कोल्हारला आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर सरकारी नर्स होत्या. मी त्यांच्या हाताखाली आया होते. माझं शिक्षण चौथी. त्यांचं किती होतं ते मी कधी विचारलं नाही, पण डॉक्टर त्यांच्यापुढं आवाज खाली घेऊन बोलत, एवढं मी पाहिलं आहे. पस्तीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली. निवृत्त झाल्यावर महिनाभर घरात बसल्या आणि घरातल्या भांड्यांना पट्ट्या चिकटवून त्यांवर तारखा लिहायला लागल्या. तेव्हा मीच म्हणाले, सिस्टर, काहीतरी काम काढा, नाहीतर मी येणं बंद करीन. मग त्यांनी मनमाड रस्त्याला एक गाळा घेतला आणि वधू-वर केंद्र काढलं. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. कोणी त्यावरून बोललं तर म्हणायच्या, "मी कधी बाळंत झाले नाही. तुम्हाला बाहेर काढलंच ना?"

नाव नोंदवायला एक नारळ लागायचा. बस. त्या नारळांच्या वड्या करून करून माझे हात गेले.

लोकांना वाटायचं, बाईंना सगळ्यांच्या ओळखी आहेत म्हणून केंद्र चालतं. ते तसं नव्हतं. सिस्टरांच्या समोर वय चोरता येत नव्हतं, हे खरं कारण. एकदा एक बागायतदार मुलीला घेऊन आले. फेटा, गाडी, सगळं. मुलीचं वय सव्वीस म्हणून सांगितलं. सिस्टरांनी फॉर्मवर पेन टेकवलं आणि थांबल्या.

"आप्पा, हिच्या वेळी भर दुपारी तुमच्या गोठ्यातली गाय पण अडली होती. तुम्ही मला म्हणालात, सिस्टर, आधी गाय बघा. आठवतं?"

आप्पा मुलीकडं बघेनात.

"त्या गायीला जाऊन आता किती वर्षं झाली?"

"लिवा एकतीस," आप्पा म्हणाले. मुलगी मात्र बापाकडं बघत राहिली. गायीचं तिला त्या दिवशीच कळलं.

संगणक त्या साठीनंतर शिकल्या. त्याला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. काम झालं की त्यावर बाळंतपणाच्या खोलीतली हिरवी चादर घालायच्या. सुरू व्हायला वेळ लागला तर त्याच्या पाठीवर हात ठेवून "घाई नाही, घाई नाही" म्हणायच्या. मला हसू यायचं. पण ते सुरू व्हायचं हेही खरं.

त्या संगणकात त्यांनी प्रत्येक मुलामुलीची एक ओळ केली होती. नाव, वय, उंची, शिक्षण, शेती, अपेक्षा. हे सगळं घरचे सांगतील ते. सगळ्यात शेवटी एक रकाना होता, तो कुणाला दाखवायच्या नाहीत. त्याचं नाव खरं. घरच्यांनी उंची पाच सहा सांगितली असेल तर खरं मध्ये लिहिलेलं असे, टाचांसकट. शेती बारा एकर, तर खरं मध्ये, चार भावांत. निर्व्यसनी, खरं मध्ये, सोमवारी. इंजिनिअर, खरं मध्ये, एक विषय राहिला आहे, सात वर्षं राहिला आहे.

हा चेष्टेचा भाग. पण त्यात दुसरंही असे. कुणाच्या पाठीवर पांढरा डाग. कुणाचं आधी एकदा मोडलेलं. कुणाला लहानपणी काय झालं होतं. हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. त्यांनी स्वतः पाहिलेलं असे.

आणि हे त्या दाबून ठेवण्यासाठी लिहीत नव्हत्या. जमत आलं, आता सुपारी फुटणार, असं झालं की दोन्हीकडच्यांना वेगवेगळं बोलवायच्या आणि विचारायच्या, "तुमच्यातलं तुम्ही सांगता, का मी सांगू?" बहुतेक लोक स्वतःच सांगायचे. काही पळून जायचे. पळाले की सिस्टर खुश व्हायच्या. म्हणायच्या, "लग्नानंतर पळाला असता."

उज्ज्वलाच्या ओळीत, खरं मध्ये लिहिलं होतं, लहानपणापासून फिट्स. गोळ्या चालू. सहा वर्षांत एकदाही नाही.

उज्ज्वला बाजारतळाजवळ ब्लाउज शिवायची. वय एकतीस. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. एकदा एका बाईनं तिला विचारलं, अजून कसं गं नाही जमलं तुझं? ती मापाची टेप न काढता म्हणाली, "तुमचं जमलं ते बघूनच घाबरले, काकू." फिट्सचं तिच्या आईबापाला, सिस्टरांना आणि मला माहीत होतं. गावात नाही. दोन ठिकाणी सुपारीपर्यंत गेलं, तिनं सिस्टरांच्या सांगण्यावरून स्वतःच सांगितलं आणि दोन्ही ठिकाणचे लोक चहा अर्धा टाकून उठले. एवढं बरं की दोघंही लांबचे होते आणि त्यांनी गावात बोभाटा केला नाही. गावात कळलं असतं तर लोकांनी तिच्याकडं शिवण टाकणंही बंद केलं असतं. गाव कसं असतं ते मला सांगू नका, मी त्यात सत्तर वर्षं राहिले आहे.

आणि आता कुणीतरी लांबचा माणूस ते सगळ्या जगाला दाखवतो म्हणत होता.

सिस्टरांनी आधी संगणकाच्या मागची इंटरनेटची वायर ओढून काढली. आतल्या खोलीत जुना लॅपटॉप होता, तो याच वायरीनं जोडलेला. त्याचीही काढली. त्याच्याही पडद्यावर लालच. मग खडू घेऊन दोन्हींवर फुली मारली. गावात हगवणीची साथ आली की त्या अशाच दारांवर फुल्या मारत. मला म्हणाल्या, "हौसा, दार लोट. कुणालाही कशाला हात लावू देऊ नको. आणि मणेरांना बोलव."

मणेर आमचे रेडिओवाले. बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मग टीव्ही आले, मग संगणक, आणि मणेर सगळ्यांबरोबर बदलत गेले. गालात कायम लवंग. कुठंही गेले की आधी "घाबरू नका" म्हणायचे, त्यानं माणूस जास्त घाबरायचा.

आले आणि म्हणाले, "घाबरू नका. वायर काढली का?"

"पहिली तीच."

"कुनी सांगितलं?"

"नाळ कुणाला विचारून कापतात का, मणेरभाई?"

"लई बेस केलं, बाई. लोक बंद-चालू, बंद-चालू करत बसत्यात, न्हाईतर पेनड्राईव्ह घालून बघत्यात. तवर ते पुढच्या मशिनीत जातं."

सिस्टरांनी त्यांच्यापुढं साबण ठेवला. मणेर म्हणाले, याला साबण लागत नाही. सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला लागतो. ते धुऊन आले. मग सिस्टर वही घेऊन बसल्या, साथीच्या वेळी बसत तशा. लागण कधी, कशातून, संपर्कात कोण. आता विचारायचं मणेरांनी होतं, पण विचारत सिस्टर होत्या आणि उत्तरंही त्याच देत होत्या. मणेरांना मध्ये एक फट सापडली तेव्हा म्हणाले, "आज सकाळी नवीन काय उघडलं?"

सिस्टर पहिल्यांदाच अडखळल्या. "एक बायोडाटा."

"कुनाचा?"

"डॉक्टरचा."

सकाळी ईमेल आला होता. मुलगा डॉक्टर, वय अठ्ठावीस, एकुलता, बागायत शेती, पुण्यात फ्लॅट. सविस्तर माहिती सोबतच्या फायलीत. शेवटी लिहिलं होतं, अपेक्षा काही नाही. सिस्टरांनी तो वाचला आणि लगेच उज्ज्वलाला निरोप पाठवला, हातातलं शिवण ठेव आणि ये. तिच्यासमोरच ती फाईल उघडली.

"उघडल्यावर वर पिवळी पट्टी आली हुती का? परवानगी द्या म्हणनारी?"

"आली."

"दिली?"

"मुलगा डॉक्टर होता, मणेरभाई."

"आनि अँटीव्हायरस? तो वरडला न्हाई?"

"ओरडला. पण तो रोज ओरडतो. परवा साखर कारखान्यातल्या क्लार्कचा बायोडाटा आला, तरी ओरडला. म्हणून मी त्याला गप्प करून ठेवलाय."

मणेरांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "तुमच्याच केंद्राचा फॉर्म भरून पाठवलाय बघा. हे लोक बघून पाठवत्यात. कारखान्याला बिल पाठवत्यात, दवाखान्याला रिपोर्ट, आनि तुमाला जावई."

उज्ज्वला म्हणाली, "म्हंजे डॉक्टर न्हाईच?"

"न्हाई."

"फ्लॅट?"

"काहीच न्हाई, बेटा."

सिस्टर वहीकडं बघत म्हणाल्या, "अपेक्षा काही नाही, हे वाचलं तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मुलगा डॉक्टर आणि अपेक्षा नाही! असा मुलगा पस्तीस वर्षांत माझ्या हातून जन्मला नाही."

मणेरांनी मग फायली दाखवल्या. दाखवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. प्रत्येक नावाच्या पुढं एक नवीन शेपूट लागलं होतं, पाच-सहा इंग्रजी अक्षरांचं, सगळ्यांना तेच. उज्ज्वला म्हणाली, "सगळ्या पोरींचं आडनाव बदललं की! लग्न न होताच." आमच्याकडं प्रत्येक जातीची फाईल वेगळी असे, लोकांना तसंच लागतं. चोरानं सगळ्यांना एकच कुलूप घातलं. तेवढं एक काम त्यानं बरं केलं.

सिस्टरांनी विचारलं, "औषध काय?"

मणेर म्हणाले, "दोन गोष्टी हायेत, बाई. जंतू मारायचा आनि कुलूप काढायचं. जंतू मारनं सोपं हाय. सगळं पुसून मशिन कोरं करतो, नवीन घालतो, जंतू गेला. पन कुलूप लागलेल्या फायली तशाच राहत्यात. जंतू मेला म्हनून त्या उघडत न्हाईत."

सिस्टरांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "पोलिओसारखं."

"कसं?"

"ताप उतरतो. पाय येत नाही."

गावात असे तीन होते. तिन्ही त्यांनी पाहिले होते.

मणेर एक कुलूप लागलेली फाईल आणि ते पत्र आपल्या दुकानात घेऊन गेले. त्यांचं म्हणणं, काही चोरांच्या किल्ल्या पोलिसांना आणि तज्ज्ञांना सापडल्या आहेत, त्या फुकट मिळतात, पण आधी चोराची जात ओळखावी लागते. दोन तासांनी परत आले. जात ओळखली होती, किल्ली अजून कुणाला सापडली नव्हती. म्हणाले, ही जुनी डिस्क फेकू नका, कधी सापडली किल्ली तर उघडेल. सिस्टरांनी ती काढून घेतली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि वर तारीख लिहिली.

तेवढ्यात उज्ज्वलाचे वडील आले. कुणी तरी सांगितलं असणार. दारातूनच म्हणाले, "सिस्टर, मागत्यात ते देऊन टाका. मी देतो. माझ्या पोरीचं नाव बाहेर यायला नको."

सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, ज्यानं डॉक्टर नसताना डॉक्टर सांगितलं, तो किल्ली देतो म्हणतोय. तुम्ही त्याला मुलगी दिली असती का?"

"न्हाई."

"मग पैसे कशाला देता?"

त्यांना पटलं, पण बरं वाटलं नाही. तसंच असतं.

आता प्रश्न होता, जुनी नक्कल आहे का. सिस्टरांनी दर बुधवारी यादीची नक्कल पेनड्राईव्हवर घ्यायची सवय ठेवली होती. बुधवारच का, तर लसीकरणाचा वार. त्याला त्या डोस म्हणायच्या. पण बुधवारचा डोस झाल्यावर पेनड्राईव्ह काढायचा राहिला होता. तो संगणकातच होता, म्हणून त्यालाही कुलूप. मणेर म्हणाले, "लस आनि पेशंट एकाच खाटेवर ठेवलं, बाई." सिस्टरांना मी आयुष्यात इतकं ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. मग आठवलं की लसीच्या निळ्या डब्यात, बर्फ ठेवायचा तो, एक जुना पेनड्राईव्ह होता. नवीन आणल्यावर त्यांनी तो तिथं ठेवून दिला होता, कारण जपायच्या गोष्टी डब्यात ठेवायची सवय. मणेरांनी तो आपल्या दुसऱ्या मशिनवर नीट तपासला. जंतू नव्हता. यादी होती. फक्त ती अडीच वर्षांपूर्वीची होती.

शुक्रवारी आम्ही तिघी एसटीनं नगरला गेलो आणि पोलिसांत तक्रार दिली. हवालदार साधा माणूस होता. त्यानं विचारलं, संशयित कोणी? सिस्टरांनी बायोडाटा समोर ठेवला. त्यानं इमानदारीत सगळं उतरवून घेतलं, वय अठ्ठावीस, उंची पाच दहा, वर्ण गोरा, अपेक्षा काही नाही. मग पेन ठेवून म्हणाला, "बाई, माझा मुलगा पण आहे." सिस्टरांनी फॉर्म पर्समधून काढला. तो त्यांच्या पर्समध्ये कायम असायचा.

परत येताना मी म्हटलं, मेळावा पुढं ढकला. सिस्टर म्हणाल्या, कार्यालय ठरलंय, लोक बाहेरगावाहून निघालेत, पुस्तिका छापायची आहे. मणेरांनी मशिनमध्ये नवीन डिस्क घातली होती, त्यावर जुनी यादी चढवली आणि शनिवारी तीच, खरं चा रकाना सोडून, छापली. आमच्याकडं दुसरी नव्हती.

म्हणजे रविवारी कोल्हारच्या कार्यालयात प्रत्येक जण अडीच वर्षांनी लहान झाला. मुलींच्या आया पुस्तिका उघडायच्या, वय बघायच्या आणि गप्प बसायच्या, कुणी तक्रार केली नाही. तक्रार दुसऱ्यांनी केली. मध्यंतरी ज्यांची लग्नं झाली होती ती सगळी पुस्तिकेत परत कुमार झाली होती. एक जण बायको आणि कडेवरचं पोर घेऊन भांडायला आला. बायको म्हणत होती, "ह्यांनी स्वतःच नाव दिलं असंल, मला म्हाईत हाय ह्यांचं." सिस्टरांनी तिला मुलाचं वजन विचारलं. ती सांगायला लागली आणि भांडण विसरली. दुसरा एक लग्न झालेला होता, तो एकटाच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. सिस्टरांनी त्याला दारातच धरलं.

"तू कशाला आलास?"

"नाव छापलं होतं, म्हणून."

"बायकोला माहीत आहे?"

तो न जेवताच गेला.

तिसरा होता संतोष, पण याचं लग्न झालेलं नव्हतं. राहुरीकडचा, सुप्याच्या कंपनीत कामाला. हा दोन वर्षांपूर्वी मुलगी बघायला गेला होता. वाकून पाया पडताना त्याचा विग पुढं आला. घरातल्या लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो तसाच उठून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी केंद्रातलं नाव काढून टाका म्हणून निरोप दिला. सिस्टरांनी काढलं होतं. जुन्या यादीतून परत आलं. आई त्याला बळंच घेऊन आली होती, त्याच विगसकट.

जेवणाच्या आधी सिस्टर माईकवर गेल्या. मेळाव्यात माईकवर कुणी तरी सत्काराचं बोलतं, म्हणून लोक आपापसात बोलत होते.

"माझ्या संगणकात चोरी झाली," सिस्टर म्हणाल्या. "चूक माझी. मी न तपासता एक फाईल उघडली. तुमचं नाव, फोटो, फोन त्यात होते. आणखी एक रकाना होता. त्यात तुम्ही मला न सांगितलेलं होतं."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला तो मी ऐकला.

"मणेर म्हणतात, आपल्याकडचं इंटरनेट इतकं हळू आहे की चोराला फोटो नेता नेता कंटाळा आला असेल. पण यादी लहान असते. ती गेली नसेलच असं मी सांगणार नाही. ती बाहेर आली तर परक्याच्या तोंडून कळेल. म्हणून ज्याला ज्याचं सांगायचं आहे त्यानं ते आज, जेवण संपायच्या आत, समोर सांगून टाका. माझ्याकडं येऊन विचारू नका की माझं काय लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे."

एवढं बोलून खाली उतरल्या. पहिल्यांदा तर लोक चिडले. एक जण म्हणाला, तुमच्यावर केस करतो. सिस्टर म्हणाल्या, करा, पोलिसांचा पत्ता मी देते, कालपरवाच जाऊन आले. मग हळूहळू लोक जोड्यांनी कोपऱ्यात जायला लागले. पंगतीत वाढायला माणसं नाहीत, ताटं तशीच. कोपऱ्याकोपऱ्यातून "काय सांगता!" असं ऐकू येत होतं. एका ठिकाणी दोन व्याही भांडले आणि दुसऱ्या ठिकाणी दोघं पोट धरून हसले. ज्याचा एक विषय राहिला होता त्याला समोरच्या मुलीनं सांगितलं की तिचे दोन राहिलेत.

उज्ज्वला पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. मी तिथं पेले विसळत होते, म्हणून ऐकलं. मुद्दाम ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही.

पाणी प्यायला आलेल्या संतोषला ती म्हणाली, "मला फिट्स येतात. लहानपणापासून. गोळ्या हायेत, सहा वर्षं झाली, आली न्हाई. पण येनारच न्हाई असं न्हाई. बोला."

संतोष म्हणाला, "पुस्तिकेत इंजिनिअर लिहिलंय. मी हेल्पर हाय."

"बरं."

"आनि हे केस माझे न्हाईत."

"ते दारातून येतानाच दिसलं."

त्यानं विग काढला आणि कुठं ठेवायचा ते न कळून हातातच धरून उभा राहिला. उज्ज्वला म्हणाली, "द्या इकडं. शिवण लई कच्ची हाय ह्याची." आणि उलटा करून बघायला लागली.

तेवढ्यात त्याची आई आली. तिनं अर्धं ऐकलं होतं. मोठ्यानं म्हणाली, "फिट्सची पोरगी? आमच्या घरात?" आता आजूबाजूच्या पंगतीला कळलं. जे चोरानं करायचं ते या बाईनं केलं. उज्ज्वलाचे वडील पत्रावळ घेऊन उभे होते, ती त्यांच्या हातातून खाली गेली.

सिस्टर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "हिच्या फिट्सवर गोळी आहे, रोज एक, मी स्वतः लक्ष ठेवते. तुमच्या मुलाच्या डोक्यावर गोळी नाही. बघा काय करायचं ते."

संतोष म्हणाला, "आई, मला ही चालते."

उज्ज्वला म्हणाली, "मी अजून काय म्हनले न्हाई."

मग महिनाभर तिनं त्याला लटकवून ठेवला. म्हणाली, एवढ्या वेळा मला बघितलं, आता मी बघते. गावात आठ दिवस चर्चा झाली. दोन बायकांनी शिवण काढून नेलं. त्यातली एक परत आली, कारण दुसरीकडं बाही जमली नाही. लग्न झालं. संतोष विगशिवाय बोहल्यावर उभा राहिला आणि अक्षता त्याच्या टाळूवर वाजत होत्या.

यादी कुठं बाहेर आली नाही. मणेर म्हणाले, चोरानं बघितली असेल तर त्याला कळली नसेल. मराठीत, आणि सिस्टरांचं सगळं आखूड लिहिलेलं. त्या डिस्कची किल्ली अजूनही निघालेली नाही, मणेर अधूनमधून बघतात.

सिस्टरांनी त्यानंतर तो रकाना परत केला नाही. मी विचारलं, आता कसं लक्षात ठेवणार? म्हणाल्या, "डोक्यात." चार वर्षं त्यांनी ते खरंच डोक्यात ठेवलं. मग डोकंच सोडायला लागलं. आधी गावांची नावं गेली, मग माणसांची. गाळा बंद केला. भाची शिर्डीला घेऊन गेली, तिचं तिथं हारफुलांचं दुकान आहे.

मी एकदाच गेले. सिस्टर दुकानात खाली बसून गुलाब निवडत होत्या, ताजे एकीकडं, मलूल एकीकडं. हात तसाच चालत होता, भराभर. मी समोर उभी राहिले. वर बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाल्या, "ताई, दर्शनाची रांग तिकडनं आहे."

मी म्हटलं, "बरं." आणि गेले रांगेकडं. दुसरं काय करणार?

त्याच वर्षी पावसाळ्यात त्या वारल्या. पडदा लाल झाला तेव्हा त्या खोलीत आम्ही तिघी होतो. उज्ज्वला आहे, मी आहे.